पट्टा नेमका कुठे बांधलाय?

प्लास्टिकच्या किटपासून दुसऱ्या महायुद्धातली विमानं बांधणं हा माझा जुना छंद. रूमवर येणारा प्रत्येक जण पंख, मशीनगन आणि रंग यांबद्दल विचारतो. सीटच्या पट्ट्यांबद्दल मात्र कुणीच विचारत नाही. पण मॉडेल खरं वाटतं की खेळणं, हे बऱ्याचदा त्या चार पट्ट्यांवरच ठरतं. किटमध्ये ते एकतर नसतातच, नाहीतर सीटवर चिकटलेल्या जाड फुगवट्यासारखे ओतलेले असतात. मग ते आपणच करायचे. उदाहरणाला घेऊ ब्रिटनचं स्पिटफायर, स्केल १/४८.

आधी फोर्स, मग फेविक्विक

मेकॅनिक्सच्या तासाला फ्री बॉडी डायग्राम काढतो ना, तोच इथे काढायचा. पट्टा ही शोभेची वस्तू नव्हे. विमान जमिनीवर आदळलं, तर पायलटचा चेहरा समोरच्या गनसाइटवर आपटू नये, म्हणून तो आहे. म्हणजे पट्ट्यातलं टेन्शन कुठेतरी मजबूत जागी पोचलं पाहिजे. स्पिटफायरमध्ये खांद्याचे पट्टे सीटच्या पाठीवरून मागे जातात आणि तिथून केबलने विमानाच्या मागच्या सांगाड्याशी जोडलेले असतात. पायलटला पुढे वाकता यावं म्हणून ते सैल सोडायची कळही होती. बरीच मॉडेल्स इथेच फसतात. पट्टा सीटच्या वरच्या कडेवर चिकटवून मोकळे! असा पट्टा खऱ्या विमानात कुणाला वाचवणार? तेव्हा आधी अँकर शोधा, पट्टा नंतर कापा.

कुठल्या विमानाला कुठला पट्टा

स्पिटफायर आणि हरिकेनमध्ये 'सटन हार्नेस' होता : दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेचे. चारही पट्ट्यांवर धातूच्या कड्या बसवलेल्या भोकांच्या रांगा. एका पट्ट्याला शंकूसारखी खुंटी असते. बाकीच्या तिघांची भोकं तिच्यात ओवायची आणि वरून पिन लावायची, झालं बकल. म्हणून चारही पट्ट्यांना मोटारगाडीसारखी बकलं लावली की ते चुकलंच. उलट वाइल्डकॅटसारख्या अमेरिकन विमानांत सुरुवातीला फक्त कमरपट्टा होता. खांद्याचे पट्टे १९४२ मध्ये बसवले जाऊ लागले. म्हणजे डिसेंबर १९४१ चं वाइल्डकॅट करताना चार पट्टे लावले, तर मेहनत जास्त आणि मार्क कमी.

आपल्याशीही याचं नातं आहे. भारतीय हवाई दलाच्या स्क्वाड्रन महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर हरिकेन आणि पुढे स्पिटफायर चालवत होत्या. आपले पायलट याच पट्ट्यांत बसले होते.

थोडं गणित

पट्टा ५० मिमी रुंद आणि २ मिमी जाड धरा. १/४८ ला रुंदी येते साधारण १ मिमी, १/७२ ला ०.७ मिमी. जाडी १/४८ ला फक्त ०.०४ मिमी! झेरॉक्सचा कागद असतो सुमारे ०.१ मिमी, म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ ५ मिमी जाडीचा पट्टा. हा तर बैलाचा जू बांधायचा पट्टा झाला. म्हणून मी पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉइल वापरतो. ती याहून पातळ असते, पण रंगाचे दोन हात बसले की जाडी मापात येते.

दुसरी गोष्ट जास्त मजेची. पट्टा सगळ्या मापांनी ४८ पट लहान केला, तरी तो खऱ्यासारखा लोंबत नाही. स्वतःच्या वजनाने कॅन्टिलिव्हर किती वाकतो ते आठवा. लांबीच्या तुलनेत वाक हा L³/t² च्या प्रमाणात असतो. दोन्ही ४८ पट कमी केले की तोही ४८ पट कमी होतो. थोडक्यात, गुरुत्वाकर्षण मॉडेलला मदत करत नाही; पट्ट्याचं वजन आपल्या बोटांनी दाखवावं लागतं. कागद ताठ राहतो, फॉइल वाकवली तशी राहते, हा तिचा दुसरा फायदा.

कृती

१) फॉइल काचेवर गुळगुळीत करा. नवं ब्लेड आणि स्टीलची पट्टी घेऊन १ मिमीच्या पट्ट्या कापा. माप डिव्हायडरने घ्या.

२) लांबी-जुळवणीसाठी छोटी बकलं लागतात. वायरच्या आतली तांब्याची बारीक तार एका चपट्या पट्टीभोवती गुंडाळा, एका बाजूने ब्लेडने कापा. चौकोनी कड्यांचा ढीग तयार.

३) रंग शुद्ध पांढरा नको. मळकट खाकीकडे झुकणारा, मॅट. भोकांच्या कड्या टाचणीच्या टोकाने पितळी रंगाचे ठिपके देऊन करा.

४) खांद्याचे पट्टे मागच्या अँकरपासून सुरू करा, पाठीवरून खाली आणा. पायलट पॅराशूटवर बसायचा, म्हणून सीट बादलीसारखी खोल आहे. रिकाम्या सीटमध्ये पट्टे त्या खोलीत पडलेले किंवा कडेवरून बाहेर लोंबलेले दिसले पाहिजेत. टूथपिकने कडेवर दाबून घडी पाडा.

५) खुंटी एकाच पट्ट्याला, हे शेवटी पुन्हा तपासा.

एडुआर्डसारख्या चेक कंपन्यांचे तयार, रंगवलेले धातूचे पट्टे मिळतात आणि ते सुरेख असतात. पण तेही चुकीच्या जागी चिकटवले तर चुकीचेच.

कॅनोपी लावल्यावर यातलं फारसं काही दिसत नाही, हे मान्य. पण त्या सीटवर बसणारा आपल्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठा असायचा, आणि त्याचा जीव त्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकावर अवलंबून असायचा. म्हणून ते टोक आपल्या मॉडेलमध्येही बरोबर जागी असावं. बघा करून!