जाहिरातीचा मथळा : लिहावा कसा आणि वाचावा कसा

दुकानाची पाटी वाचून गिऱ्हाईक पायरी चढते किंवा पुढे निघून जाते. तद्वत् मथळा वाचून वाचक खालच्या मजकुराकडे वळतो किंवा पान उलटतो. म्हणून या पाच-सात शब्दांवर जाहिरात लिहिणारा सर्वांत अधिक परिश्रम घेतो. जीवनसत्त्वांच्या गोळ्या, प्रथिनांची भुकटी इत्यादी आरोग्यपूरक पदार्थांच्या बाबतीत तर ही ओळ विशेष जबाबदारीची होय. कारण ती बहुधा अशक्त, दुखणाईत किंवा मुलाबाळांच्या काळजीने ग्रासलेल्या माणसांसाठी लिहिलेली असते.

एक उदाहरण घेऊ. मोड आणलेल्या नाचणीचे पीठ विकावयाचे आहे अशी कल्पना करा. एकाने मथळा लिहिला, ‘वज्रासारखी हाडे, महिन्याभरात!’ दुसऱ्याने लिहिला, ‘उत्तम आरोग्याचा राजमार्ग.’ तिसऱ्याने लिहिले, ‘मुलांना दूध आवडत नाही? कॅल्शियमसाठी नाचणी द्या.’ पहिला मथळा डोळ्यांत भरतो. परंतु ते वचन कोणतेही पीठ पाळू शकणार नाही. दुसरा खोटा नाही, पण तो तुपाला, तालमीला आणि पहाटेच्या फेरफटक्यालाही लावता येईल. तिसरा कोणास उद्देशून आहे हे तत्काळ कळते. तो एकच गोष्ट सांगतो, आणि ती पडताळून पाहता येते, कारण 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. वाचक नेमका, लाभ एक आणि विधान पडताळण्याजोगे, ही चांगल्या मथळ्याची तीन लक्षणे आम्ही मानतो.

आता उलट बाजू पाहू. अमेरिकेत ‘एअरबोर्न’ नावाची, पाण्यात विरघळवून घ्यावयाची जीवनसत्त्वांची व वनस्पतींची गोळी फार खपली. आरंभी तिच्या वेष्टनावर सर्दी पळवून लावणारा चमत्कार असे तिचे वर्णन असे. आणि ती एका शाळेतील शिक्षिकेने तयार केली आहे, हेही ठळकपणे छापलेले असे. पुढे जाहिरात फसवी असल्याचा दावा ग्राहकांनी न्यायालयात लावला. 2008 साली कंपनीने दोष कबूल न करता 2 कोटी 33 लाख डॉलर देऊन तो मिटविला.

यातील दुसरे वाक्य नीट पाहा. शिक्षिकेने गोळी तयार केली ही गोष्ट खरी होती. परंतु शिक्षिका मुलांना वाचावयास शिकविते; तिच्या व्यवसायावरून गोळीचा गुण सिद्ध होत नाही. लोकांचा शिक्षकावर असलेला विश्वास तेवढा त्या ओळीने गोळीकडे वळविला. खोटे वाक्य ओळखता येते. खरे पण गैरलागू वाक्य ओळखणे अधिक कठीण असते.

आपल्या देशात याविषयी कायदे आहेत. 1954 च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांसंबंधीच्या कायद्याने मधुमेहासारखे अनेक रोग बरे करण्याचा दावा जाहिरातीत करण्यास मनाई केली. 2016 च्या नियमांप्रमाणे आरोग्यपूरक पदार्थाच्या वेष्टनावर तो औषधी उपयोगासाठी नाही, असे छापावे लागते. मात्र मथळा मोठ्या अक्षरांत असतो आणि ही सूचना बारीक अक्षरांत. मोठी ओळ वाचून घरातील वडील माणसाने मधुमेहाची गोळी बंद केली आणि भुकटी सुरू केली, तर पैसा जातोच, शिवाय दुखणे बळावते. म्हणूनच ही विद्या केवळ जाहिरात लिहिणाऱ्यांची नव्हे. पालकांनाही ती आली पाहिजे.

विद्यार्थ्यांनी एक अभ्यास करावा. घरी येणाऱ्या वर्तमानपत्रातून अशी एक जाहिरात कापून वहीत चिकटवावी. तिचा मथळा कोणास उद्देशून आहे, तो काय देऊ करतो, आणि ते पडताळता येईल काय, हे खाली तीन ओळींत लिहावे. नंतर बारीक अक्षरांतील मजकूर घरच्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवावा. शेवटी, त्या बारीक अक्षरांशी विसंगत होणार नाही असा नवा मथळा स्वतः रचावा. असा मथळा सुचेपर्यंत पुष्कळ कागद खर्ची पडेल. पण जो सुचेल, तो आपल्या आईच्या हाती निःशंकपणे देता येईल.