पाळणाघराच्या नव्या ताईला कानमंत्र

पोरी, पाळणाघर चालवायला घेतलंयस, तर आधी नियमांच्या दोन वाटण्या कर. काही नियम सगळ्या बाळांना सारखे. झोपवताना पाठीवरच झोपवायचं. वर्षाच्या आत मधाचं बोटही चाटवायचं नाही, आजीने कितीही आग्रह धरला तरी. आईने काढून दिलेलं दूध फ्रिजबाहेर असेल तर ४ तासांत संपवायचं, उरलेलं उष्टं पुन्हा द्यायचं नाही. यात कोणासाठीही सूट नाही. बाकी सगळं मात्र ज्याचं त्याचं.

नवं बाळ आलं की आईला निवांत बसवून विचार. ते मांडीवर झोपतं की झोळीत? भूक लागली की मूठ चोखतं की थेट रडतं? घरी कोणती भाषा कानावर पडते? दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, तर त्याची प्रगती पाहताना वय डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोज.

शक्यतो प्रत्येक बाळाची एक ठरलेली ताई असू दे. भरवणं, लंगोट बदलणं, झोपवणं तिच्याच हातून व्हावं. उचलण्याआधी तिने बाळाशी बोलावं, ‘आता तुला घेते हं’, आणि त्याला क्षणभर वेळ द्यावा. हंगेरीतल्या बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांनी १९४६ पासून बुडापेस्टच्या शिशुगृहात हीच रीत घालून दिली.

प्रत्येक बाळाची वेगळी वही ठेव. दूध किती घेतलं, लंगोट किती ओले झाले, झोप कशी लागली, ते लिही. दिसलं तेवढंच लिहायचं. ‘चिडका आहे’ असा शेरा नको. ‘दूध प्यायल्यावर रडला, उभा धरल्यावर थांबला’ असं लिहिलंस, तर दुसऱ्या ताईलाही काय करायचं ते कळतं.

दर शनिवारी सगळ्या ताया मिळून वह्या वाचा. कोणाचं पान रिकामं राहिलं? बहुधा ते गुपचूप पडून राहणारं बाळ असतं. रडणाऱ्याला आपण लगेच उचलतो, शांत बाळ मागे पडतं. पुढच्या आठवड्यात आधी त्याच्याजवळ बसा. कोणाला झोप आलेली असताना वेळापत्रकासाठी भरवलं का, तेही पाहा. मग त्या बाळासाठी एकच बदल ठरवा आणि आठवडाभर करून बघा. जमलं नाही तर आपली पद्धत तपासा, बाळाला नावं ठेवू नका.

आणि एकाची दुसऱ्याशी तुलना करू नको. धडधाकट मुलं साधारण ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान कधीही एकटी चालू लागतात. दीड वर्ष उलटूनही पाऊल टाकलं नाही, तर आईला धीर देऊन डॉक्टरांकडे पाठव.

वही भरली म्हणजे काम झालं असं समजू नको. ती वाचून उद्या कोणासाठी काय बदलणार, ते ठरव आणि मगच कुलूप लाव.