वृत्तपत्राचे पान कसे लावावे?

पान लावणे म्हणजे मिळेल त्या जागेत बातम्या कोंबणे नव्हे. कोणती बातमी मोठी, हे वाचण्यापूर्वीच दिसले पाहिजे. स्टॉलवर अंक घडी घालून ठेवतात. तेव्हा पानाचा वरचा अर्धा भाग महत्त्वाचा.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन-मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज गेली, मोबाइलही मुके झाले. समजा, दुसऱ्या दिवशीचे पहिले पान आपणांस लावायचे आहे. आठांपैकी सहा कॉलम मी एकाच मथळ्याला देईन आणि त्याखाली मोडलेल्या वाडीचे एकच मोठे छायाचित्र. चार लहान चित्रे लावली की डोळा कोठेच ठरत नाही. उरलेल्या दोन कॉलमांत चौकट असावी : निवारा कोठे, धान्य कोठे, कोणते रस्ते बंद. ज्याचे छप्पर उडाले तो आधी हेच शोधणार. ते आतल्या पानावर ढकलणे मला अपराध वाटतो. मात्र चौकटीची रेघ बारीक हवी. जाड काळी रेघ आपल्याकडे निधनवार्तेची!

इंग्रजी पुस्तकांत न सापडणारी एक अडचण आहे. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, रफार, खाली उकार. ओळी दाटल्या की वरचा उकार खालच्या मात्रेवर आदळतो. म्हणून ओळींत अंतर सोडावे. जागा अपुरी पडल्यास मजकूर कापावा. काय कापावे म्हणाल, तर पुढाऱ्यांच्या पाहणी-दौऱ्याची बातमी आधी.