गुळाची दारू आणि मळीची दारू



एक टन ऊस गाळला की साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते आणि एक टन मळीपासून सव्वादोनशे लिटरच्या आसपास मद्यार्क मिळतो, हा हिशेब आपण वार्षिक सभेत दरसाल ऐकतो. तो मद्यार्क टँकरमध्ये भरून फाटकाबाहेर गेला की पुढे त्याचे काय होते, कुणाच्या नावाने विकला जातो, याची चौकशी मात्र फारसे कुणी करत नाही. पेट्रोलात मिसळा, औषधाला वापरा नाहीतर देशी दारूच्या बाटलीत भरा, टँकरवर उसाचे नाव नसते आणि गावाचेही नसते.

जपानच्या दक्षिणेला अमामी नावाची बेटे आहेत. तिथे पाच बेटांवर मिळून पंचवीसच्या आसपास आसवन्या आहेत आणि त्या उसाच्या गुळापासून दारू करतात. गेल्या मार्चमध्ये शनिवार-रविवार जोडून तिथली एक आसवनी पाहण्याचा योग आला. आसवनी खात्यातच नोकरी असल्याने नजर आपोआप कामाकडेच गेली. जे पाहिले ते सभासदांच्या माहितीसाठी देत आहे.

होस्टेलमधला माझा जिवलग मित्र सध्या टोकियोत नोकरीला आहे. गडी मूळचा दिव्याचा. आजोबा खाडीकाठच्या खाजणात भात लावायचे. आता त्या भागात इमारती झाल्या आहेत. टोकियोहून विमानाने अडीच तासांत बेटावर उतरलो, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस! तोडणी चालू होती. मित्र म्हणाला, "घे, तुला एवढ्या लांब आणलं आणि दाखवलं काय, तर तुझंच शेत."

आता कृती सांगतो. पहिला माल गूळ नव्हे, तांदूळ. तांदूळ धुवायचा, भिजवायचा, वाफेवर शिजवायचा आणि त्यावर कोजी नावाची बुरशी पेरायची. दोन दिवसांत दाण्यादाण्यावर बुरशी धरते. मग हा तांदूळ पाणी आणि यीस्ट घालून टाकीत सोडतात. आठवडाभरात टाकी चांगली उकळल्यासारखी बुडबुडू लागते. या बुरशीचे एक काम मला फार आवडले. ती सायट्रिक आम्ल तयार करते, म्हणजे लिंबात असते तेच. त्या आंबटपणामुळे उष्ण, दमट हवेतही टाकीत नको ते जंतू वाढत नाहीत. आपण मळीच्या आंबवणात यासाठी गंधकाचे आम्ल घालतो. तिथे हे काम बुरशी करते.

गूळ येतो तो यानंतर. ढेपा वाफेवर वितळवून, निववून टाकीत ओततात. प्रमाण तांदळाच्या दीडपट ते दुप्पट. त्या खोलीत पाऊल टाकले आणि थेट गुऱ्हाळावर आल्याचा भास झाला. तोच काहिलीचा खरपूस वास. मित्राने एक खडा तोंडात टाकला आणि गप्पच बसला. पुढे दोन आठवडे आंबवण चालते. आपल्याकडे मळीचे आंबवण दीड दिवसात उरकते, हे ध्यानात घ्या.

मग ऊर्ध्वपातन. इथे मोठा फरक आहे. आपल्या उंच मनोऱ्यांतून मद्यार्क ९४-९५ टक्के शुद्ध होऊन निघतो. शुद्ध म्हणजे काय, तर त्याला ना उसाचा वास उरतो ना मळीचा. बीडचा मद्यार्क आणि सांगलीचा मद्यार्क नाकाने ओळखून दाखवा, कुणालाही जमायचे नाही. तिथे मोठ्या भांड्यात एकदाच ऊर्ध्वपातन करतात, त्यामुळे गुळाचा वास दारूत उतरतो. गोडी मात्र उतरत नाही. साखर आंबवणात संपते आणि काही उरली तर ती भांड्यातच राहते. पुढे सहा महिने-वर्ष टाकीत मुरवून, पाणी घालून २५ किंवा ३० टक्क्यांवर आणतात आणि बाटलीत भरतात. तिला कोकुतो शोचू म्हणतात. कोकुतो म्हणजे काळा गूळ.

ही दारू फक्त याच बेटांवर का होते? ऊस ओकिनावातही आहे, गूळ तर तिथे अधिक होतो. उत्तर कायद्यात आहे, आणि त्यामागे या बेटांनी सोसलेले हाल आहेत. १६०९ मध्ये सात्सुमा संस्थानाने ही बेटे जिंकली. पुढे सरदारांना गुळाची चटक लागली, पैशाची म्हणा हवे तर. १८३० पासून सगळा गूळ संस्थानालाच द्यायचा असा हुकूम झाला. चोरून विकणाऱ्याला देहांताची शिक्षा होती. उसाखाली जमीन गेली आणि माणसे रताळ्यावर, सायकसच्या झाडाच्या गाभ्यावर दिवस काढू लागली. ज्यांनी गूळ केला त्यांना तो चाटायचीही चोरी होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये बेटे अमेरिकी अंमलाखाली गेली. मुख्य जपानशी व्यापार तुटला, गूळ पडून राहिला, तांदळाची टंचाई होती. लोकांनी त्या गुळाची दारू गाळली. २५ डिसेंबर १९५३ रोजी बेटे जपानला परत मिळाली, तेव्हा नवा पेच पडला. गुळाची दारू म्हणजे रम, आणि रमवर कर जबर. सरकारने तोड काढली, ती अशी : तांदळाची कोजी वापराल तर तुमच्या दारूला शोचू म्हणू आणि शोचूचा हलका कर लावू, पण ही सवलत फक्त अमामी बेटांना. म्हणजे तांदळाची ती पहिली टाकी चवीइतकीच करासाठीही आहे!

हे ऐकताना मित्राच्या ठाणे जिल्ह्याची आठवण झाली. तिथे कायदा उलट्या दिशेने चालला. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर ताडी-माडीच्या झाडांवर जबर कर बसले आणि १८९२ च्या मोहा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच बंधने आली. उरणच्या परवानाधारक भट्ट्यांची दारू खपावी, सरकारी महसूल वाढावा, हा त्यातला हेतू. घरची दारू गुन्हा ठरली, परवान्याची रीतसर. गोव्यात मात्र काजूची फेणी टिकली आणि २००९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. दारूची बाटली आडवी करण्यासाठी आपल्या कितीतरी गावांत बायाबापड्यांनी मतदान केले आहे, याचा मला विसर पडलेला नाही. इथे मुद्दा पिण्याचा नाही, मालाच्या नावाचा आणि भावाचा आहे.

आपल्याकडे तो मुद्दा अलीकडे चांगलाच तापला आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास एकाएकी मनाई केली. आठवडाभराने ती मर्यादित प्रमाणात सैल झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या वर्षासाठी उठली. तोवर कर्ज काढून यंत्रे उभारलेल्या कारखान्यांचे काय झाले ते सभासद जाणतात. गिऱ्हाईक एकच आणि भाव ठरवणाराही तोच, अशी गत असली की एक कागद पुरतो.

म्हणून आसवनीतल्या वयस्क उस्तादांना मी मित्रामार्फत विचारले, की या नावामुळे बेटावरच्या ऊसकऱ्याला काय मिळते? उत्तर सरळ होते. पुष्कळसा गूळ ओकिनावातून येतो. बेटावरचा बहुतेक ऊस कच्ची साखर करणाऱ्या गिरण्यांना जातो, कारण तिथे सरकारी मदतीमुळे भाव बांधलेला असतो. कायद्यात दारू कुठे करायची ते लिहिले आहे, गूळ कुणाच्या शेतातला ते लिहिलेले नाही. नावाचा लाभ बाटली भरणाऱ्याला पुष्कळ होतो, शेतकऱ्यापर्यंत त्यातला थोडाच पोचतो.

"म्हणजे नाव मिळालं तरी अट कोण लिहितो ते बघायला हवं," मित्र म्हणाला. मी उस्तादांना आणखी एक विचारले, की मागे उरलेल्या पाण्याचे काय करता? पूर्वी शोचूची ही गदळ समुद्रात सोडत, आता त्याला बंदी आहे. जनावरांचे खाद्य आणि खत करतात, म्हणाले, आणि हिशेबात सगळ्यात जास्त डोके तिथेच खर्च होते. आपल्याकडे एक लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर सांडपाणी निघते. ते ऐकून त्यांनी दोनदा आकडा विचारून खात्री करून घेतली.