भिलाई, बांडुंग आणि अलिप्ततावाद

भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्याच वर्षी १८ ते २४ एप्रिलदरम्यान इंडोनेशियातील बांडुंग येथे आशिया व आफ्रिकेतील २९ राष्ट्रांची परिषद भरली. तिच्या अंतिम निवेदनात आर्थिक सहकार्याला अग्रस्थान होते. राजकीय स्वातंत्र्याला औद्योगिक पाया हवा होता. परंतु नवस्वतंत्र राष्ट्रांपाशी भांडवल व तंत्रज्ञान अपुरे होते. भारताने भिलाईसाठी सोव्हिएत संघाचे, राउरकेलासाठी पश्चिम जर्मनीचे, तर दुर्गापूरसाठी ब्रिटनचे साहाय्य घेतले. मात्र कोणत्याही लष्करी गटात प्रवेश केला नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. दोन्ही गटांशी सहकार्य करूनही निर्णयस्वातंत्र्य राखणे, हे अलिप्ततावादाचे मर्म या उदाहरणातून स्पष्ट होते.