उपघटक ३.४ : बास्करव्हिल – एका पारंपरिक सेरिफ टाइपचे स्वरूप व उपयोग

३.४.१ प्रास्ताविक

रोमन लिपीतील अक्षराच्या रेषेच्या टोकाशी जो लहानसा आडवा फाटा दिसतो, त्याला सेरिफ म्हणतात. या परंपरेतील बास्करव्हिल या टाइपचा येथे आपण विचार करू. एखादा टाइप 'वाचनीय' आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तो गुण अक्षराचा असतो की आपल्या सवयीचा, हा या विवेचनातील मुख्य प्रश्न आहे.

३.४.२ घडण

जॉन बास्करव्हिल (१७०६–१७७५) हे बर्मिंगहॅमचे. मुद्रणाकडे वळण्यापूर्वी त्यांनी सुलेखन शिकवले आणि दगडावर अक्षरे कोरली. त्यांच्या टाइपचे पोलादी ठसे जॉन हँडी यांनी कोरले. त्या काळी रूढ असलेल्या विल्यम कॅस्लन यांच्या टाइपशी तुलना केल्यास पुढील वैशिष्ट्ये दिसतात :

(१) जाड व बारीक रेषांतील फरक अधिक स्पष्ट आहे.
(२) गोल अक्षरांचा तोल तिरपा नसून जवळजवळ उभा आहे.
(३) सेरिफ अधिक रेखीव व टोकदार आहेत.
(४) मोठ्या 'क्यू'ची शेपटी लांब व डौलदार असून लहान 'जी'चा खालचा फास उघडा आहे.

बारीक रेषा स्वच्छ उमटाव्यात म्हणून बास्करव्हिल यांनी अधिक काळी शाई वापरली व छापलेले कागद तापवलेल्या पत्र्यांमध्ये दाबून गुळगुळीत केले. व्हर्जिलच्या काव्याची त्यांची आवृत्ती १७५७ मध्ये निघाली.

३.४.३ आक्षेप आणि परीक्षा

या अक्षरांनी वाचकांचे डोळे जातील, असा आक्षेप घेतला गेला. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६० मध्ये बास्करव्हिल यांना एक प्रसंग कळवला. अशाच एका टीकाकारापुढे त्यांनी कॅस्लनच्या टाइपचा नमुना, वरचे नाव फाडून, बास्करव्हिलचा म्हणून ठेवला. त्या गृहस्थांनी त्यातही डोळ्यांना त्रास देणारे दोष दाखवले. वस्तुतः तोच टाइप ते आयुष्यभर विनातक्रार वाचत आले होते.

३.४.४ उपयोग

कादंबरी, निबंध, काव्य अशा सलग वाचनाच्या ग्रंथांना हा टाइप शोभतो. मात्र अक्षरे रुंद असल्याने तो जागा अधिक घेतो. हलक्या कागदावर, लहान आकारात बारीक रेषा तुटण्याचा संभव असतो. याउलट, लंडनच्या 'द टाइम्स'ने १९३२ मध्ये स्वीकारलेला टाइम्स न्यू रोमन हा आटोपशीर असून वृत्तपत्राच्या अरुंद स्तंभांसाठी घडवलेला आहे. टाइपची निवड ही कागद, आकार व वाचनाचा हेतू यांपासून वेगळी करता येत नाही.

३.४.५ सारांश

बास्करव्हिलवरील आक्षेपात अपरिचयाचा वाटा मोठा होता. कागदाची मर्यादा मात्र खरी आहे. संपादकाला या दोहोंतील भेद ओळखता आला पाहिजे.

कृती : एकच मराठी परिच्छेद दोन फाँटमध्ये छापून, फाँटची नावे न सांगता, तिघांना वाचायला द्या व त्यांचे अभिप्राय नोंदवा. देवनागरीतील शिरोरेषा म्हणजे सेरिफ नव्हे, हे ध्यानात ठेवा.