यादीत नसलेले नाव

परमुलखात व्यापार वाढवू पाहणाऱ्या संस्थांना सल्ला देणे हा माझा व्यवसाय. आणि सल्लागाराच्या चुकीचा दंड बहुधा दुसराच कोणी भरतो, हे त्या व्यवसायाचे वैगुण्य मला २०१० सालच्या द्राक्ष-हंगामाने जन्माचे दाखवून दिले.

नाशिक जिल्ह्यातील एका निर्यातदार संस्थेचा माल प्रथमच युरोपात जावयाचा होता. करारनामा, विमा, रोगमुक्ततेचा दाखला, ग्रेपनेट या द्राक्ष-निर्यातीच्या सरकारी संगणक-प्रणालीवरील बागांची नोंद, सर्व दस्तऐवज मी डोळ्यांत तेल घालून तपासले. अवशेष-तपासणीच्या सरकारी यादीतील प्रत्येक रसायनासाठी नमुन्यांची तपासणीही झाली. यादीबाहेरच्या रसायनांचे काय, असे संस्थेच्या चिटणिसांनी एकदा विचारले होते. 'यादीत नाही, अर्थात हरकत नाही,' असे उत्तर मी दिले, आणि (आज लिहितानाही संकोच वाटतो) काहीशा तुच्छतेने दिले.

न्हावा-शेवा बंदरातून निघालेले शीत कंटेनर युरोपात पोहोचले, आणि तेथील प्रयोगशाळांना द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड आढळले. वेलींची शाखीय वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी आमचे बागायतदार वर्षानुवर्षे वापरीत आलेले हे संजीवक. त्याची तेथील मर्यादा तेव्हा किलोमागे अवघी ०.०५ मिलिग्रॅम होती, आणि आमच्या यादीत त्याचे नावच नव्हते. तडाखा आमच्या एका संस्थेलाच नव्हे, त्या वर्षीच्या साऱ्या द्राक्ष-निर्यातीला बसला. परंतु ही सबब मी चिटणिसांपुढे कोणत्या तोंडाने मांडणार?

नव्या बाजारात उतरणाऱ्याने म्हणूनच आपल्या मुलखातील यादी बाजूला ठेवून त्या मुलखाचा मूळ कायदा वाचावा. युरोपीय संघाच्या २००५ सालच्या ३९६ क्रमांकाच्या नियमनात ज्या रसायनाची मर्यादा स्वतंत्रपणे ठरविलेली नाही, त्याला सामान्यतः ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा आपोआप लागू होते. म्हणजे यादीचे मौन तेथे संमतीचे लक्षण नसून जवळजवळ मनाईच असते. कायद्यापाशीही थांबून चालत नाही. जर्मनीतील काही साखळी-दुकाने कायदेशीर मर्यादेच्या एक-तृतीयांशाहून अधिक अंश असलेला माल घेत नाहीत, म्हणून खरेदीदाराची स्वतःची अट लेखी मागून घ्यावी. माल पोहोचल्यावर भाव ठरावयाचा असेल, तर नापास मालाचे भाडे आणि विल्हेवाटीचा खर्च कोणाच्या माथी, याची कबुलीही आधीच घ्यावी.

पण सर्वांत मोलाची गोष्ट कोणत्याच कागदावर नव्हती. हंगाम बुडाल्यावर मी एका वृद्ध बागायतदाराकडे गेलो आणि, 'आबा, हे औषध मारल्याचे आम्हांला सांगितले का नाही?' असे विचारले. ते शांतपणे म्हणाले, 'साहेब, तुम्ही औषधांचं विचारलंत. ते औषध कुठंय? ते तर टॉनिक.' तेव्हापासून बागेत गेल्यावर मी औषधांची चौकशी करीत नाही. छाटणीपासून काढणीपर्यंत पंपातून काय काय गेले, एवढेच विचारतो, आणि तेही मालकाच्या आधी पंप पाठीवर घेणाऱ्या गड्याला.